एक नाव मुशी, जाती दोन

आपल्या धाराशिवला समुद्र नाही, तरी बाजारात सुकट-बोंबलाशेजारी कधीमधी मुशीचे सुके तुकडे दिसतात. मुंबईला लेकीकडे गेलं की ओली मुशीही मिळते. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. पण या एका नावाखाली बऱ्याच जाती खपतात. त्यातल्या दोघी तर बहिणी-बहिणीच वाटतात. एक स्पेडनोज, म्हणजे फावड्या नाकाची. दुसरी मिल्क शार्क.

स्पेडनोजचं तोंड पुढे फावड्यासारखं चपटं असतं. अंगानं ती लहान, फार तर अडीच फूट. तिचा पाठीवरचा मोठा पर बराच मागे, शेपटीकडे असतो. मिल्क शार्कचं नाक टोकदार, ओठांच्या कडेला लांब रेघ असते आणि ती साडेतीन फुटांपर्यंत सहज वाढते. तुकडे केले की मात्र ओळख संपली!

खरा फरक आहे पोटात. दोघीही अंडी न घालता पिल्लं देतात, आणि पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढतं. आपली उस्मानाबादी शेळी ५ महिन्यांत विते, जुळी देते म्हणून तिचं नाव. स्पेडनोजही ५-६ महिन्यांतच विते, पण एका वेळी ६ ते १८ पिल्लं देते, प्रत्येक पाच-सहा इंचाचं. मिल्क शार्क जवळजवळ वर्षभर गाभण असते आणि बहुधा २ ते ५ पिल्लं देते, फूटभर लांबीची. दोघी सारख्याच जाळ्यात सापडल्या, तर कोणाची भरपाई उशिरा होणार ते शेळ्या पाळणारीला सांगायला नको.

आता त्या नावाबद्दल. हा मासा खाल्ला की बाळंतिणीला दूध येतं, हा आपल्याच देशातला जुना समज, त्यावरूनच मिल्क शार्क हे नाव पडलं. दूध वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्यानं. उलट शार्क हा दुसरे मासे खाणारा मासा, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका जास्त. पारा बाळाच्या मेंदूला घातक. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी शार्क खाऊ नये, असं अमेरिकेचं अन्न-औषध खातंही सांगतं. तेव्हा सुनेच्या बाळंतपणात कोणी कौतुकानं मुशी आणली, तर ती बाकीच्यांच्या ताटात वाढा. तिला अंडी, डाळ, मेथी-शेपूची भाजी आणि भाकरी पोटभर द्या.