रिकाम्या पुंगळीची गोष्ट

ऐन दिवाळीच्या अंकात काडतुसाची कथा कशाला, असे गृहिणी विचारतील. पण ही कथा त्यांच्याच हातातल्या सोऱ्यापासून सुरू करता येते. 1889 मध्ये इंग्लंडात अ‍ॅबेल आणि ड्यूअर या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ‘कॉर्डाइट’ नावाची धूर न करणारी दारू शोधली. शंभर भागांत अठ्ठावन्न भाग नायट्रोग्लिसरीन, सदतीस भाग गनकॉटन आणि उरलेले पाच भाग चक्क व्हॅसलीन! हे सारे अ‍ॅसिटोनमध्ये मळून त्याचा गोळा करायचा, साच्याच्या भोकांतून दाबून काढायचा आणि वाळवायचा. म्हणजे शेवच की! .303 बोअरच्या जुन्या काडतुसात दारूची भुकटी नसे, अशा काड्यांची जुडी असे. ही जुडी अरुंद मानेतून आत जात नसल्यामुळे कारखान्यात आधी दारू भरीत आणि मग पितळी पुंगळीची मान आवळीत.

‘काडतूस’ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘कार्तुशो’वरून आला. 1857 पासून तर तो घरोघर माहीत झाला. मात्र दातांनी तोडावयाचे ते काडतूस कागदी होते. पुढे पितळी पुंगळी आली आणि काडतुसाचा संसार एका घरात नांदू लागला : बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी जाते. पुंगळी तेवढी मागे राहते. ती पुन्हा भरता येते का? अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात जुन्या लष्करी बंदुका बाळगणारे हजारो शौकीन फावल्या वेळात हेच करीत बसतात.

या बंदुकांशी आपल्या नगरचा जो संबंध आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असेल. नगरचा किल्ला म्हटला की नेहरू आणि 1942 आठवते. पण त्याच्या चाळीस वर्षे आधी तिथे दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी होते. शेतकरी माणसे, पण त्यांच्या जर्मन माउझर बंदुकीत पाच काडतुसे एका पट्टीने एकदम सरकत, तर इंग्रज सोल्जर आपल्या ली-मेटफर्डमध्ये एकेक काडतूस घालीत बसे. हा धडा इंग्रजांना महाग पडला. त्यातूनच पट्टीने भरता येणारी आखूड ली-एनफील्ड जन्मली. 1907 ची तिची ‘मार्क तीन’ आवृत्ती आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात अनेक वर्षे तयार होत होती. आणि गंमत पहा : शेवटी शेवटी बोअरांजवळची माउझरची काडतुसे संपली, तेव्हा ते इंग्रजांच्याच बंदुका वापरू लागले आणि इंग्रजांचा तळ उठला की तिथे सांडलेली काडतुसे वेचीत हिंडू लागले.

पुंगळी पुन्हा भरण्याची कल्पना सोपी आहे. जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात घालून मापाला आणायची, नवी टोपी, तोलून दारू आणि वर गोळी. पण पितळेचा स्वभाव ओळखावा लागतो. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे हे पितळ बार होताच फुगून नळीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आक्रसते. दर खेपेला ते कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकताना मधून मधून ते भट्टीत तापवतात ना? हे शौकीनही पुंगळीची मान तशीच तापवून मऊ करतात. मात्र बूड तापवायचे नाही; ते मऊ पडले तर बंदूकच हातात फुटायची.

ली-एनफील्डची खोड आणखी निराळी. खंदकातल्या चिखलातही काडतूस अडकू नये म्हणून तिच्या नळीचे घर ऐसपैस ठेवलेले, आणि बोल्टला अडसर मागच्या बाजूला. त्यामुळे पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ आतून पातळ होते. बाहेर फक्त एक चकचकीत कडे दिसते. ते दिसले नाही, तर पुढच्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि तापलेला वायू बंदूकवाल्याच्या डोळ्यांकडे येतो. म्हणून जाणता माणूस टोक वाकवलेली तार पुंगळीत घालून आतली भिंत चाचपतो. चर लागली की पुंगळी मोडीत! शिवाय एका बंदुकीची पुंगळी तो दुसरीला घालीत नाही.

पुण्याजवळच्या खडकीचा काडतूस-कारखाना 1869 पासूनचा. ‘के. एफ.’ ही त्याची अक्षरे बुडावर असलेली काडतुसे पहिल्या महायुद्धापासून जगभर गेली. पण सैन्याच्या या पुंगळ्या सहसा भरता येत नाहीत. त्यांची टोपी ‘बर्डन’ पद्धतीची, तिच्यामागे दोन बारीक छिद्रे. सुई घालून टोपी बाहेर ढकलता येत नाही. एका छिद्राची सोयीची पद्धत बॉक्सरची. बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन. पण इंग्रज सैन्याने बर्डनची उचलली आणि अमेरिकेने बॉक्सरची! शेजारणीची भाजी गोड म्हणतात ती अशी.

त्या जुन्या टोप्यांत क्लोरेट असे. ते जळाले की मिठासारखा क्षार नळीत उरे आणि हवेतली ओल ओढून नळीला गंज चढवी. तेलाने हा क्षार निघत नाही, पाण्यात मात्र विरघळतो. त्यामुळे गोळीबार आटोपला की शिपाई नळीला नरसाळे लावून आत उकळते पाणी ओतीत.

आपल्याकडे हा छंद कोणी करू म्हणेल तर कायदा आड येतो, आणि ते बरेच आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा. .303 हे लष्करी माप असल्यामुळे ते सामान्य नागरिकाला मिळत नाही; त्याच्यासाठी .315 ची बंदूक. 1962 च्या चीन युद्धात आपले जवान .303 घेऊनच लढले, आणि 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला 2020 च्या प्रजासत्ताकदिनी समारंभाने निरोप दिला.

नगर जिल्ह्याला, ज्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले, पितळेचा मोह निराळ्याच रीतीने माहीत आहे. खारेकर्जुन्याजवळच्या लष्करी सरावक्षेत्रात तोफगोळ्यांचे भंगार वेचायला गोरगरीब जातात. एखादा न फुटलेला गोळा हाती येतो, आणि धातू काढण्यासाठी त्यावर घाव घालणारा माणूस घरी परत येत नाही. ही माणसे छंदिष्ट नव्हेत. त्यांना त्या पितळेचे रोख पैसे हवे असतात. बंदुकांच्या सरावाच्या मैदानावर मात्र बार थांबले की जवान ओणवे होऊन गवतातल्या पुंगळ्या वेचतात. दिलेली काडतुसे आणि परत आलेल्या पुंगळ्या यांचा हिशेब जुळावा लागतो. एक जरी कमी भरली, तरी सारी रांग पुन्हा गवतात उतरते.