नाव लिहिले, पण घर कुठे?

समजा, उपकेंद्राच्या वहीत लिहिले आहे : 'सुमन, वय २२, रा. शिरूर.' तिचे बाळ दीड महिन्याचे झाले. लसी द्यायच्या आहेत. नर्सबाई निघाल्या. पण सुमन नावाच्या बाया तीन. एक गावठाणात, एक तांड्यावर, एक मळ्यात. बाईंनी कुणाचे दार वाजवावे?

आणि शिरूर तरी कोणते? एक आपल्या बीड जिल्ह्यातले शिरूर कासार. दुसरे पुणे जिल्ह्यात. तिसरे लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ. तिन्ही तालुक्याची गावे! म्हणून गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहावाच. पिनकोड लिहावा, पण त्यावर विसंबू नये. एका पिनकोडात पुष्कळ गावे येतात.

शहरात रस्त्याला नाव असते, घराला नंबर असतो. आपल्याकडे तसे कुठे? तरी खुणा आहेत. घरपट्टीच्या पावतीवर घराचा नंबर असतो. मळ्यात राहत असाल, तर सातबारावरचा गट नंबर सांगा. वस्तीचे नाव सांगा. नाव बदलले असेल, तर जुने-नवे दोन्ही सांगा. 'मारुतीजवळ' एवढे पुरत नाही. मारुती गावोगाव आहे.

पत्त्याने साथसुद्धा पकडता येते, बरे का. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी मेलेल्या माणसांची घरे नकाशावर मांडली. खुणा एका पंपाभोवती दाटल्या. दोष त्या पंपाच्या पाण्यात होता. त्या पंपाचा दांडाही काढला गेला. पत्ते चुकीचे असते, तर खुणा भलतीकडे पडल्या असत्या.

आता आपली खरी अडचण. आपल्या जिल्ह्यातली किती तरी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. घर इथे, माणूस कोपीवर. क्षयाचे औषध बहुधा सहा महिने घ्यावे लागते. ते मधेच तुटले, तर रोग पुन्हा उसळतो. पुढे साधी औषधे लागू पडत नाहीत, असेही होते.

मी शाळेत हजेरीपट लिही. दिवाळीनंतर पोरांच्या नावापुढे 'बाहेरगावी' लिहून मोकळा होई. कुठे, ते कधी विचारले नाही. चूक माझीच.

तुम्ही तसे करू नका. टोळी निघण्याआधी आशाताईला गाठा. कारखान्याचे नाव, तालुका, जिल्हा सांगा. कोपी हलते, म्हणून मुकादमाचा मोबाइल नंबरही द्या. म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्याला कळवता येते. औषधाचे कार्ड आणि बाळाचे कार्ड गाठोड्यात बांधू नका, हाताशी ठेवा. परत आलात की तेही सांगा.

आता तुम्हाला वाचता येते. कार्ड हाती आले की पत्त्याची ओळ आधी वाचा. चुकली असेल, तर तिथेच नीट लिहून घ्या. नर्सबाई रागावणार नाहीत. उन्हातली पायपीट त्यांचीच वाचते.