कला चंद्राच्या, आळ पृथ्वीच्या सावलीवर

चंद्र रोज वेगळा का दिसतो, असं विचारलं की शिकलेली माणसंही बेधडक सांगतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे साफ चूक आहे आणि ते पडताळायला दुर्बीणही लागत नाही. शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी पश्चिमेला पाहावं. सूर्य नुकताच मावळलेला असतो आणि कोर त्याच्याच वर, थोड्या अंतरावर असते. पृथ्वीची सावली मात्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या वेळी पूर्वेला पडते. मग ती पश्चिमेच्या चंद्राला गाठणार कशी?

ग्रहणाचा काळ सोडला तर चंद्राचा अर्धा गोल कायम उजेडात असतो. तो पृथ्वीभोवती फिरतो तसा या उजळ अर्ध्याचा कमीजास्त भाग आपल्याला दिसतो. किती दिसेल, हे आकाशात सूर्य आणि चंद्र किती अंश लांब आहेत यावर ठरतं. नेमकं हेच अंतर पंचांग मोजतं! दर 12 अंशांना एक तिथी, 30 तिथींचे 360 अंश. अमावास्या संपताना अंतर शून्य, शुद्ध अष्टमीच्या मध्यावर 90, पौर्णिमा संपताना 180. चंद्रकलांचं उत्तर घरोघरी भिंतीवर टांगलेलं आहे आणि मुलांना ते असं वाचून दाखवायलाच हवं.

सावलीचं काम चंद्रग्रहणात, तेही फक्त पौर्णिमेला. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही आणि ग्रहण सावलीमुळे होतं, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं.

चंद्र रात्रीचाच, हाही गैरसमज. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि दुपारपर्यंत आकाशात असतो. चंद्रोदय रोज सरासरी 50 मिनिटांनी लांबतो, म्हणून तर संकष्टीचा उपास सोडायला रात्रीचे नऊ वाजतात.

आणि चंद्राची न दिसणारी बाजू? ती कायम अंधारी नाही. अमावास्येला तीच पूर्ण उजळलेली असते. लुना-3 या सोव्हिएत यानाने ऑक्टोबर 1959 मध्ये तिची पहिली छायाचित्रं घेतली. चंद्रावर बहुतेक ठिकाणी दिवस साधारण 14 पृथ्वी-दिवसांचा असतो. चंद्रयान-3 उतरलं ते 23 ऑगस्ट 2023 रोजी, श्रावण शुद्ध सप्तमीला. तिथे तेव्हा सकाळ होती. सौरऊर्जेवर चालणाऱ्या विक्रम आणि प्रज्ञानला त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम करता आलं.