मृत्तिका की भस्म? सिरियम डायऑक्साइडच्या निमित्ताने

रसायनशास्त्राच्या मराठी लेखनात 'विरल मृत्तिका', 'दुर्मिळ मृदा' अशा संज्ञा आढळतात. मी साहित्याचा अध्यापक. तरीही या संज्ञांपाशी मी विद्यार्थ्यांना थांबवतो. शब्दशः घेतल्यास त्यांतील दोन्ही पदे दिशाभूल करतात.

सिरियम डायऑक्साइडचे उदाहरण घेऊ. १८०३ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांना, आणि त्याच वर्षी जर्मनीत क्लाप्रोट यांना, स्वतंत्रपणे सिरियमचा शोध लागला. त्यांच्या हाती आला तो शुद्ध धातू नव्हे, त्याचा ऑक्साइड. डायऑक्साइड ही फिकट पिवळी पूड. ती पाण्यात विरघळत नाही आणि सुमारे २,४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळतही नाही. जुने युरोपीय रसायनज्ञ अशाच, आगीला व पाण्याला दाद न देणाऱ्या पदार्थांना 'मृत्तिका' म्हणत. शेतातल्या मातीचा येथे संबंध नाही. 'विरल' हे विशेषण आले, कारण हे पदार्थ प्रथम स्वीडनमधील दुर्मिळ खनिजांत मिळाले. प्रत्यक्षात भूकवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूतही ते असते.

याच पुडीने आपले तमाशाचे फड आणि लग्नाच्या वराती उजळल्या. गॅसबत्तीच्या जुन्या मॅन्टलमध्ये सुमारे ९९ टक्के थोरियमचा आणि १ टक्का सिरियमचा ऑक्साइड असे. पहिल्याच पेटवणीत कापड जळून जाई आणि ऑक्साइडची नाजूक जाळी उरे. नुसत्या थोरियमच्या ऑक्साइडचा उजेड मंद पडतो. त्या एका टक्क्याने तो लख्ख होतो.

दुसरा गुण देवाणघेवाणीचा. सिरियमचा अणू तीन किंवा चार इलेक्ट्रॉन देऊ शकतो. त्यामुळे भोवती ऑक्सिजन कमी पडला की हे संयुग आपल्यातला थोडा सोडते, वाढला की परत घेते. स्फटिकाचा सांगाडा मात्र टिकून राहतो. मोटारीच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रणेत हाच गुण उपयोगी पडतो.

आता शब्दाकडे वळू. आपल्याकडे 'भस्म' हा शब्द होता. आयुर्वेदातील यशदभस्म म्हणजे मुख्यतः जस्ताचा ऑक्साइड. प्रत्येक भस्म ऑक्साइड नसते, हे खरे. पण अर्थाच्या दृष्टीने 'मृत्तिका'पेक्षा 'भस्म' अधिक जवळचा. रुळलेली संज्ञा बदलावी असा माझा आग्रह नाही. शिकवताना मात्र तिच्यामागचा इतिहास सांगावा. नाहीतर विद्यार्थी शब्द पाठ करतो आणि पदार्थाला मुकतो.