डेट्रॉइटच्या दक्षिणेला कॅनडा

नकाशा पाहण्याची सवय नसलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही, की अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या दक्षिणेला कॅनडा आहे. कॅनडा म्हणजे उत्तर दिशा, बर्फ आणि थंडी, हे समीकरण शाळेपासून आपल्या मनात पक्के बसलेले असते. परंतु डेट्रॉइट नदी त्या ठिकाणी असे काही वळण घेते, की तिच्या दक्षिण तीरावर ओंटारिओ प्रांतातील विंडसर हे शहर वसले आहे, आणि त्या तीरावरून उत्तरेकडे पाहिले म्हणजे समोर अमेरिकेच्या उत्तुंग इमारती दिसतात. दोन्ही शहरांना जोडणारा अँबॅसेडर पूल १९२९ साली खुला झाला आणि नदीच्या तळाखालून जाणारा मोटारींचा बोगदा १९३० साली. नदीचे पात्र अर्ध्या मैलाच्या आसपास रुंद आहे. या अर्ध्या मैलाच्या पलीकडे मी २०१० पासून नऊ वर्षे राहिलो. अलीकडे २०१९ पासून राहत आहे.

सांगलीला गेलो म्हणजे आप्तेष्ट हमखास विचारतात, “दोहोंत चांगला देश कोणता?” विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि त्याच्या मनात पगार, घर व मोटार एवढ्याच गोष्टी असतात. त्यांचा निकाल चटकन लावता येतो. त्याच कामाला पलीकडे अधिक पगार मिळतो; शिवाय कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा बराच हलका आहे. ओंटारिओत खरेदीवर १३ टक्के कर पडतो, मिशिगन राज्यात ६ टक्के. टोरांटोच्या परिसरातील घरांच्या किमती ऐकून तर पुण्यामुंबईची माणसेही गप्प होतात. निव्वळ हिशेबाच्या वहीत अमेरिका जिंकते, यात वाद नाही. कॅनडाच्या बाजूने जमेला धरायचे तर किलोमीटर आणि सेल्सिअस आहेत, आणि पिशवीतले दूध आहे. ओंटारिओत चार लिटर दूध तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून मिळते. पहिल्याच आठवड्यात ती पिशवी कात्रीने कापताना माझी पत्नी एकटीच हसत उभी राहिली होती, हे मला अजून आठवते.

खरा फरक दाराशी आहे. बाहेरच्या माणसाला आत घेण्याची प्रत्येक देशाची स्वतःची रीत असते आणि त्या रीतीवरून पुढच्या आयुष्याचे वळण ठरते.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने वंश व मूळ देश पाहून माणसे निवडण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. भारतीय डॉक्टर व इंजिनियर त्या देशात मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर. पण नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य, म्हणजे ग्रीन कार्ड, देताना कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण संख्येच्या ७ टक्क्यांहून अधिक वाटा द्यायचा नाही, अशी मर्यादा तिथल्या कायद्यात आजही आहे. आइसलंडला आणि भारताला एकच माप. त्यामुळे आइसलंडच्या माणसाला रांग माहीतच नसते आणि भारतीयाचे अर्धे आयुष्य रांगेत जाते. तात्पुरता ‘एच-१बी’ परवाना घेऊन माणूस येतो, काम करू लागतो, घर घेतो, मुले शाळेत घालतो, आणि दर महिन्याला सरकारचे ‘व्हिसा बुलेटिन’ उघडून आपली तारीख किती पुढे सरकली ते पाहतो. आपल्याकडे पंचांग पाहतात, तसे हे बुलेटिन तिकडच्या भारतीय घरांत पाहिले जाते. फरक इतकाच, की पंचांगातील तारीख कधी मागे जात नाही.

माझ्या कंपनीने माझा अर्ज २०१५ साली, म्हणजे सहा वर्षांची मुदत संपण्याच्या अगदी काठावर, दाखल केला. तो आधी का केला नाही, याचे उत्तर मला मिळाले नाही. २०१९ साली माझ्या वर्गातील भारतीयांची तारीख २००९ च्या आसपास होती. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. चौथ्या वर्षी ती मिशिगनला आली. अक्षरओळख तिथली, मैत्रिणी तिथल्या, सकाळी शाळेत म्हटली जाणारी ध्वजप्रतिज्ञाही तिथलीच. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती माझ्या परवान्याला जोडलेले एक शेपूट होती आणि एकविसाव्या वर्षी ते आपोआप गळून पडणार होते. त्यानंतर तिने परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा परवाना काढावा किंवा देश सोडावा. अमेरिकेत वाढून, परवानगी मिळाली नाही म्हणून, मुळीच न आठवणाऱ्या देशात परत जावे लागलेल्या अशा मुलांच्या हकिकती आमच्या ओळखीच्या वर्तुळात अपूर्वाईच्या राहिल्या नव्हत्या. मी कागद घेऊन वजाबाकी केली. २०२७ मध्ये ती एकवीस वर्षांची होणार होती आणि तारीख कधी आठ दिवसांनी, कधी पंधरवड्याने हलत होती. हिशेब काही चुकला नाही. २०२५ च्या मध्यासही ती तारीख २०१३ च्या आरंभाशीच घुटमळत होती.

याआधी एक गोष्ट घडून गेली होती, ती सांगितल्याशिवाय हे निवेदन प्रामाणिक होणार नाही. २०१७ साली बाबा सांगलीला अत्यवस्थ झाले. माझ्या पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का संपला होता आणि मुदतवाढीचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. भारतात गेल्यावर मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता आले नसते. वकिलांनी सांगितले, “तुम्हाला कोणी अडवणार नाही, पण परत केव्हा येता येईल, हे मी सांगू शकत नाही.” घराचे हप्ते चालू, पत्नीचे वास्तव्य माझ्यावर अवलंबून, मुलगी सहावीत. मी गेलो नाही. बाबांचे अंत्यदर्शन मी फोनच्या पडद्यावर घेतले. अमेरिकेने मला जाऊ दिले नाही, असे मी कधी कधी बोलून जातो. वस्तुतः तसे नाही. जायला मज्जाव कोणाचाच नव्हता. निर्णय माझा होता, आणि म्हणूनच तो अधिक टोचतो.

कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत सुरू केली. वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांना गुण द्यायचे आणि गुणवान माणसाला नोकरीची वाट न पाहता कायम वास्तव्याचा हक्क देऊन आत घ्यायचे. २०१५ पासून हे सारे संगणकावरून चालते. वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी उतरत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. एकेचाळिसाव्या वर्षी आपली किंमत वर्षाला किती उतरते, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कोणी सांगितले नव्हते. प्रांताने शिफारस केली म्हणून माझे निभावले. ज्या देशात मी नऊ वर्षे कर भरला तिथे मी पाहुणा होतो आणि ज्या देशात एक दिवसही काम केले नव्हते तिथे पुलावरच्या एका खिडकीपाशी पाऊण तासात कायमचा रहिवासी झालो.

मात्र कॅनडाची गंमत पुढे सुरू होते. या देशाने माझ्या पत्नीच्या भौतिकोपचाराच्या पदवीला दाराशी भरघोस गुण दिले, आणि आत आल्यावर त्याच पदवीवर काम करू द्यायला नकार दिला. दार केंद्र सरकारच्या हाती आणि व्यवसायाचा परवाना प्रांतातील व्यावसायिक मंडळांच्या हाती. उजव्या हाताने जे दिले ते डाव्या हाताला मान्य नाही. कागदपत्रांची पडताळणी, पात्रता-परीक्षा आणि शिवाय ‘कॅनडातील अनुभव’ या नावाचे भूत, जो मिळवायला नोकरी लागते आणि नोकरी मिळवायला जो लागतो. दोन वर्षे तिने किराणा मालाच्या मोठ्या दुकानात गल्ला सांभाळला. टोरांटोत टॅक्सी चालवणारे डॉक्टर आणि इंजिनियर हा विनोदाचा विषय झाला आहे. त्यांच्या गाडीत एकदा बसले की हसू येत नाही. ओंटारिओच्या इंजिनियरांच्या मंडळाने २०२३ साली कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली, पण तोवर एका पिढीचे हात दुसऱ्याच कामात मुरले होते. उलट अमेरिकेला माझी पदवी कुठल्या विद्यापीठाची, याचे फारसे अगत्य नव्हते. पहिल्या सोमवारी साहेबांनी एक बिघडलेला साचा समोर ठेवला आणि शुक्रवारी तो सुधारलेला पाहून माझ्या शब्दाला वजन दिले. कामाची पारख करण्यातला हा मोकळेपणा मला नदीच्या अलीकडे तितकासा आढळला नाही. इकडे लोक अधिक सौजन्याने बोलतात आणि अधिक सौजन्याने नकार देतात.

दवाखान्याचेही असेच आहे. सस्कॅचेवान प्रांताने १९६२ साली डॉक्टरांचा तेवीस दिवसांचा संप सोसून सार्वजनिक वैद्यकीय विमा आणला. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने तो देशभर पसरला आणि १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्यास आळा घातला. मिशिगनमध्ये मुतखड्याने कळवळत मी एका रुग्णालयात एक रात्र काढली. उपचार तत्पर आणि उत्तम झाले. त्यानंतर चार महिने टपालाने बिले येत राहिली, रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, क्ष-किरण चित्र ज्याने दुरून वाचले त्या अज्ञात गृहस्थाचे वेगळे. विमा असूनही हे. विंडसरला पत्नीच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तेव्हा तपासणीच्या चित्रासाठी पाच महिने आणि शस्त्रक्रियेसाठी आणखी आठ महिने वाट पाहावी लागली. त्या अवधीत ती जिना बसून चढत असे. अखेर शस्त्रक्रिया झाली, आणि एकंदर खर्च आला तो मोटार उभी करण्याच्या भाड्याचा. कोणती पद्धत श्रेष्ठ, हे मी दुखणे कुठले यावर ठरवतो. नोकरी गेलेल्या माणसाला मात्र हा प्रश्न विचारू नये. अमेरिकेत नोकरीबरोबर बहुधा विमा जातो आणि माझ्यासारख्याचे ६० दिवसांत वास्तव्यही जाते.

कॅनडा हा दयाळू शेजारी आणि अमेरिका हा कठोर, असे चित्र आपल्याकडे रंगवले जाते. इतिहासाला ते मान्य नाही. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ या जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला पोहोचले. दोन महिने बंदरात अडकवून त्यांतील बहुतेकांना परत पाठवले गेले. त्याबद्दल पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती २०१६ साली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वास पात्र नाही, असा निकाल दिला. दोन्ही दारे तेव्हा सारखीच बंद होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे हे मराठी तरुण गदर चळवळीत ओढले गेले ते अमेरिकेच्या भूमीवरच. पिंगळे १९१५ साली लाहोरला फासावर गेले.

आणि २३ जून १९८५ चा दिवस कॅनडातील कोणत्याही भारतीयाला विसरता येत नाही. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबने फुटले आणि ३२९ माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरीही पंतप्रधान मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. ते आपले लोक होते हे त्या देशाच्या लक्षात यायला वेळ लागला. न्यायमूर्ती मेजर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१० साली आला. ज्या देशाने १९७१ साली बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले होते, त्याच देशात हे घडले. २०२३ पासून भारत व कॅनडा यांचे संबंध बिघडले आणि २०२४ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हापासून बसमध्ये कोणी रोखून पाहिले तर ते कशामुळे, असा विचार मनात येतो. पूर्वी तो येत नसे.

२०२३ साली आम्ही कॅनडाचे नागरिक झालो. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने अशोकस्तंभाचा पासपोर्ट परत करावा लागला. सरकारी खिडकीतून तो रद्दीचे भोक पाडून हातात आला. नव्या पासपोर्टने मात्र एक चमत्कार केला. उत्तर अमेरिकेतील व्यापार-करारानुसार कॅनडाच्या नागरिक इंजिनियरला ‘टीएन’ परवाना थेट सीमेवरच मिळतो. त्याला सोडत नाही, वार्षिक संख्येची मर्यादा नाही. २०२५ साली अमेरिकेने परदेशी मोटारींवर २५ टक्के आयातशुल्क लावले, विंडसरच्या कारखान्यांत चिंतेचे वातावरण पसरले, आणि मी डेट्रॉइटमध्ये काम धरले. ज्या नोकरीसाठी मी नऊ वर्षे कागद गोळा केले, तसलीच नोकरी वीस मिनिटांत पदरात पडली. ग्रीन कार्डाच्या रांगेत मात्र मी अजून भारतीयच आहे, कारण तिथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात.

मुलगी आता विद्यापीठात आहे. तिच्या जुन्या मैत्रिणी पलीकडच्या नोव्ही गावात राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती त्यांना भेटायला जाते. गेल्या दिवाळीत मी तिला सोडायला निघालो होतो. पुलावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट पाहिला, तिच्याशी दोन वाक्ये बोलला आणि हसून म्हणाला, “तुम्ही बोलता तर इथल्यासारख्या!” “मी इथलीच होते,” ती म्हणाली, “सातवीपर्यंत.” मग त्याने जन्मगावाचे नाव विचारले, आणि तिने सांगलीचे स्पेलिंग एकेक अक्षर सुटे करून त्याला सांगितले.