निकालाच्या दिवशी संकेतस्थळ का कोलमडतं?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एकला दहावीचा निकाल लागला. बुलढाण्यापासून मुंबईपर्यंत सगळे एकदमच संकेतस्थळावर धडकले आणि ते कित्येक तास उघडेना. राज्यभरात विद्यार्थी होते १५ लाखांहून अधिक.

एकदा नीट चाललं म्हणजे गर्दीतही चालेल, हा समज सर्रास आढळतो. पण शेगावला एरवीच्या मंगळवारी दर्शन चटकन झालं, म्हणून प्रकटदिनाच्या रांगेचा अंदाज येत नाही.

लोड टेस्टिंग (भारचाचणी) म्हणजे ती गर्दी आधीच कृत्रिमरीत्या उभी करणं. अपाचे जेमीटरसारखं मोफत साधन आभासी वापरकर्ते तयार करतं: आधी शंभर, मग हजार, मग अपेक्षेच्या दुप्पट. त्यांनी खऱ्या विद्यार्थ्यासारखा आसनक्रमांक आणि आईचं नाव भरून निकाल मागायला हवा. नुसतं पहिलं पान उघडून डेटाबेसवरचा (माहितीसाठ्यावरचा) ताण कळत नाही.

सरासरीवरही विसंबू नये. शंभरातल्या ९५ जणांना दोन सेकंदांत उत्तर मिळालं आणि पाच जण मिनिटभर ताटकळले, तरी सरासरी पाच सेकंदांच्या आतच दिसते. ते पाच जण म्हणजे लाखामागे पाच हजार मुलं!

दोष सापडल्यावर दुरुस्तीला वेळ लागतो. त्यामुळे ही चाचणी निकालाच्या काही आठवडे आधीच उरकावी.