गुरूला सोडून आलेल्यांचं ऐकावं कसं?

एखाद्या पंथाबद्दल बाहेरच्या माणसानं शंका काढली, की आतले लोक म्हणतात, 'तुम्हाला अनुभव नाही, तुम्ही बोलू नका.' बरं, आत दहा वर्षं काढून बाहेर पडलेल्यानं तीच शंका काढली, तर म्हणतात, 'त्याला झेपलं नाही, त्याचा अहंकार आडवा आला.' मग बोलायचं कुणी? आज मला या दुसऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे. ज्यानं गुरू केला, घरदार सोडलं आणि पुढं त्याच गुरूबद्दल जाहीरपणे लिहिलं, त्याचं म्हणणं आपण कसं ऐकावं?

उदाहरण घेते ते जवळचं. आधी आचार्य रजनीश, मग भगवान श्री रजनीश आणि अखेरीस ओशो. जवळचं म्हणजे अगदी अंतरानंसुद्धा. मी खारदांड्याला राहते. आमच्या इथं कार्टर रोड संपतो आणि कोळीवाडा सुरू होतो. तिथून जुहू रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर. अमेरिकेतून बाहेर पडून, देशोदेशी फिरून रजनीश १९८६च्या जुलैअखेर मुंबईत परतले, ते जुहूला एका शिष्याच्या घरी. पाचेक महिने तिथं राहून जानेवारी १९८७मध्ये ते पुण्याला गेले. आपण रजनीश म्हटलं की कोरेगाव पार्क म्हणतो, पण सुरुवात मुंबईचीच आहे. १९६८ साली भारतीय विद्या भवनात प्रेमावर बोलता बोलता ते कामवासनेवर आले आणि सभागृहात खळबळ उडाली. पुढची व्याख्यानं गवालिया टँकच्या मैदानावर झाली. १९७० ते १९७४ त्यांचा मुक्काम पेडर रोडच्या वूडलँड इमारतीत होता. परदेशी शिष्यांची पहिली तुकडी आली ती तिथंच.

ही माणसं खुळी नव्हती, हे आधी सांगायला हवं. रजनीश तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. कबीर, बुद्ध, लाओत्से, येशू यांच्यावर तासन्‌तास बोलायचे, मधेच विनोद सांगायचे. त्यांच्या नवसंन्यासात घर सोडायची सक्ती नव्हती, उपास नव्हता, देहाची निंदा नव्हती. भगवे कपडे, गळ्यात त्यांच्या छायाचित्राची माळ आणि नवं नाव, एवढंच. व्हिएतनामचं युद्ध आणि घरातली भांडणं यांना कंटाळलेल्या पाश्चात्त्य तरुणांना हे आवडलं नसतं तरच नवल. आपल्याकडच्या सुशिक्षितांनाही आवडलं. पु.लं.च्या 'असा मी असामी'मधल्या गुरुदेवांना हसणारी मंडळीच कोरेगाव पार्कात रांगेत उभी असायची, असं मी म्हणते तेव्हा थोडी अतिशयोक्ती होते, पण थोडीच.

आता शिकवणुकीतली मेख पाहू. रजनीश सांगत, कुणाचंही अनुकरण करू नका, कुठलाही धर्मग्रंथ मानू नका. त्याच वेळी ते सांगत, गुरूपुढं संपूर्ण समर्पण करा. तुमचं मन हाच अडथळा आहे. ही दोन वाक्यं एकत्र आली, की एक चमत्कारिक गोष्ट घडते. शिष्याच्या मनात शंका आली तर ती शंका म्हणजेच त्याच्या मनाचा अडथळा ठरते. शंका जितकी रास्त, तितका अहंकार मोठा. मग आत राहून प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. प्रश्न विचारायचा तर बाहेर पडावं लागतं. आणि बाहेर पडलं, की तो माणूस 'न झेपलेला' होतो.

ह्यू मिल्न हा स्कॉटिश तरुण १९७३ साली मुंबईत आला. शिवमूर्ती हे नाव घेऊन तो पुढं रजनीशांचा अंगरक्षक झाला. १९८२मध्ये अमेरिकेतून तो बाहेर पडला आणि १९८६ साली त्याचं पुस्तक आलं. गुरूच्या दाराबाहेर वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस काय लिहिणार, हे तुम्ही ओळखू शकता. गुरूचे शिष्यांशी असलेले संबंध, पैसा, माणसं जवळ घेण्याची आणि दूर लोटण्याची पद्धत. सत्या भारती हे नाव घेतलेल्या अमेरिकन लेखिकेनं तर रजनीशांच्या सुरुवातीच्या इंग्रजी पुस्तकांसाठी काम केलं होतं. तिचं टीकेचं पुस्तक १९९२चं. ती दोन्ही पुस्तकं वाचताना मला राहून राहून जाणवलं, की या माणसांना अजूनही त्या दिवसांची ओढ आहे. सूडानं लिहिणाऱ्याला अशी ओढ लपवता आली असती.

पण भावनेवर निवाडा देता येत नाही. मिल्न दूर सारला गेला होता, तेव्हा त्याच्या लिहिण्यात राग असणारच. म्हणून मी एकच कसोटी लावते: हीच गोष्ट, एकमेकांशी संबंध नसलेल्या, वेगळ्या वेळी बाहेर पडलेल्या माणसांनी सांगितली आहे का, आणि तिला कागदाचा आधार आहे का?

पुण्यातल्या 'एन्काउंटर' गटांचं घ्या. मनातला राग बाहेर काढण्यासाठी माणसांना बंद खोलीत एकत्र ठेवायचं, अशी ती उपचारपद्धती. त्यात मारहाण होते, हाडं मोडतात, असं बाहेर पडलेले सांगत. कॅलिफोर्नियातल्या एसालेन संस्थेचा सहसंस्थापक रिचर्ड प्राइस स्वतः संन्यास घेऊन पुण्यात आला होता. अशा उपचारांतला जाणकार माणूस. तोही ही हिंसा पाहून दुरावला. आश्रमात चित्रित झालेल्या एका जर्मन माहितीपटात ती डोळ्यांनी दिसते. आणि १९७९च्या सुरुवातीला आश्रमानं स्वतःच जाहीर केलं, की गटांमधल्या हिंसेचं काम झालं आहे, आता ती बंद. जी गोष्ट नव्हतीच, ती बंद कशी करतात?

हे साल लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या वादाची किल्ली त्यात आहे.

१९८१ साली रजनीश अमेरिकेला गेले. ओरेगॉन राज्यातल्या एका ओसाड कुरणावर रजनीशपुरम वसलं. शेजारच्या गावांशी तंटे सुरू झाले. १९८४मध्ये, स्थानिक निवडणूक ताब्यात घेण्याच्या खटाटोपात, द डॅल्स गावातल्या उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये पंथाच्या काही माणसांनी साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली, सुदैवानं कुणी दगावलं नाही. सचिव मा आनंद शीला सप्टेंबर १९८५मध्ये पळून गेल्या, पकडल्या गेल्या, त्यांनी गुन्हे कबूल केले आणि तुरुंग भोगला. रजनीशांवरचा खटला इमिग्रेशनच्या फसवणुकीचा होता. त्यात दहा वर्षांची स्थगित शिक्षा आणि ४ लाख डॉलर दंड घेऊन त्यांनी देश सोडला. विषप्रयोगाचा गुन्हा त्यांच्यावर कधी सिद्ध झाला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

तेव्हापासून भक्तांचं उत्तर ठरलेलं आहे. सगळं शीलानं केलं. भगवान त्या काळात मौनात होते. मौन खरंच होतं, एप्रिल १९८१पासून १९८४च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. पण ते लोकांसाठी. शीला रोज त्यांना भेटत असत. शिवाय शीलांच्या हाती सत्ता आली १९८१मध्ये, आणि प्राइस पुण्यातून दुरावला त्याच्या आधी. मारहाण, पूर्ण समर्पणाची मागणी, प्रश्न विचारणाऱ्याला वेगळं पाडणं, हे सारं पुण्यात, शीलांच्या राज्याआधी घडत होतं. माजी शिष्यांच्या लेखनाची खरी किंमत मला इथं वाटते. ओरेगॉनचे गुन्हे न्यायालयानं शोधलेच असते. पण ते करायला तयार झालेली माणसं कशी घडली, हे आतून आलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार?

मी उपनगरातल्या एका ग्रंथालयात नोकरी केली. तिथं आमच्याच वस्तीतले एक वयस्कर वाचक यायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तरुणपणी पुण्याला जाऊन आलेले. मिल्नचं पुस्तक त्यांनीच मला मिळवून दिलं, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून. मी विचारलं, "अण्णा, हे वाचूनही तुम्ही रोज सकाळी ध्यान करता?"

"करतो ना," ते म्हणाले. "माझी दारू त्या ध्यानानं सुटली. ते खोटं म्हणू का बाई?"

खोटं कशाला म्हणायचं? अण्णांना लाभ झाला, हे त्यांच्यापुरतं पूर्ण खरं आहे. पण अण्णांची दारू सुटली म्हणून दुसऱ्याचं मोडलेलं हाड जोडलं जात नाही. दोन्ही जमाखर्चाच्या वहीत लिहायचं, एकानं दुसरं खोडायचं नाही.

मुलांचा प्रश्न आला, की ही वही फार जड होते. मुलं ही साधनेतली अडचण, अशी हवा पुण्यात होती आणि अनेक तरुण स्त्रियांनी नसबंदी करून घेतली, असं अनेकांनी लिहिलं आहे. जी मुलं होती ती कम्यूनच्या हवाली असत. टिम गेस्ट हा आईबरोबर अशा कम्यूनांत वाढलेला मुलगा. भगव्या कपड्यांतल्या त्याच्या बालपणाचं पुस्तक २००४ साली आलं. त्यात आरोळी नाही. आई कुठं आहे हे शोधत हिंडणारं पोर आहे. २०२४मध्ये आलेल्या 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' या माहितीपटात, तिथं वाढलेल्या स्त्रिया आपल्यावर लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल बोलल्या. या मुलांनी समर्पण केलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. 'झेपलं नाही' हे उत्तर त्यांना कसं देणार?

शेवटी जेन स्टॉर्क या ऑस्ट्रेलियन बाईंबद्दल सांगते. नवरा आणि दोन मुलं घेऊन त्या पुण्यात आल्या, नंतर ओरेगॉनला गेल्या. जुलै १९८५मध्ये त्यांनी रजनीशांच्या डॉक्टरला विषारी इंजेक्शन टोचलं. भगवानांच्या जिवाला त्या डॉक्टरपासून धोका आहे, असं शीलांनी त्यांना पटवलं होतं. डॉक्टर वाचले. स्टॉर्कबाईंनी जवळजवळ तीन वर्षं तुरुंगात काढली. पुढं सरकारी वकिलाच्या हत्येच्या कटात त्यांचं नाव आलं तेव्हा त्या जर्मनीत होत्या. जर्मनीनं त्यांना अमेरिकेच्या ताब्यात दिलं नाही, पण जर्मनीबाहेर पाऊल टाकणंही अशक्य झालं. ऑस्ट्रेलियात त्यांचा मुलगा मेंदूच्या गाठीनं मृत्युपंथाला लागला. तेव्हा, गुन्ह्याला वीस वर्षं होऊन गेल्यावर, त्या आपणहून अमेरिकेच्या न्यायालयात उभ्या राहिल्या आणि गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावण्याआधी त्यांना मुलाकडे जाऊ दिलं. त्या गेल्या, आणि ठरल्याप्रमाणे परत आल्या. त्यांना पाच वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. त्यांचं पुस्तक २००९ साली आलं. आपण काय केलं, हे त्यात त्यांनी कुणावरही न ढकलता लिहिलं आहे.